नेपच्यूनपलीकडचे बर्फाळ पिंड: एका ठिपक्यापासून कक्षेच्या मॉडेलपर्यंत

कायपर पट्ट्यातला पिंड म्हणजे छायाचित्रातला एक फिकट ठिपका. त्याची आकाशातली जागा, त्या क्षणाची वेळ आणि त्याची दृश्य प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितका ठिपका मंद), एवढ्या तीनच गोष्टी थेट हाती लागतात. अंतर, आकार, घनता, परिवलन, कक्षेचा इतिहास हे सगळं या तिघांवरून काढलेलं अनुमान असतं. म्हणून या विषयात उतरणाऱ्यानं सिम्युलेशनपासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. संगणकावर कोट्यवधी वर्षं पुढे पळवलेली कक्षा दिसायला देखणी असते. पण ती ज्या मोजमापांवर उभी आहे ती दोन महिन्यांचीच असतील, तर त्या देखणेपणाला अर्थ नाही. आधी ठिपका पकडायचा, मग नीट मोजायचा, कक्षा बसवायची, त्या कक्षेतली अनिश्चितता ओळखायची आणि त्यानंतरच ती काळात मागेपुढे न्यायची. पुढचा क्रम असाच आहे.

थोडी ओळख. प्लूटो १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना सापडला. त्या भागातला पुढचा स्वतंत्र पिंड सापडायला १९९२ साल उजाडलं. डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांनी माउना केआवरच्या २.२ मीटर दुर्बिणीनं तो शोधला, आज त्याचं नाव आल्बियन. नेपच्यून सूर्यापासून सुमारे ३० खगोलीय एककांवर आहे (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर). मुख्य कायपर पट्टा तिथपासून साधारण ५० एककांपर्यंत जातो. त्यापलीकडे लांबट कक्षांचे विखुरलेले पिंड आहेत आणि सेडनासारखे काही अलिप्त पिंडही, जे उपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ असतानासुद्धा, ७६ एककांच्या आत येत नाहीत. गुरू आणि नेपच्यून यांच्यामध्ये भटकणारे ते सेंटॉर. त्यांतला कायरन चार्ल्स कोवाल यांना १९७७ मध्ये सापडला.

पहिली पायरी: लक्ष्य निवडणं

इथे हिशेब निर्दय आहे. सूर्याचा प्रकाश पिंडापर्यंत जाताना अंतराच्या वर्गानं विरळ होतो, परावर्तित होऊन आपल्याकडे येताना पुन्हा वर्गानं. म्हणजे तेजस्विता अंतराच्या चौथ्या घातानं घटते. ४० एककांवरचा पिंड ८० वर नेला तर तो १६ पट, म्हणजे तीन प्रतींनी, मंद दिसेल.

३० सेंटिमीटरच्या आसपासची दुर्बीण आणि चांगला सीमॉस कॅमेरा असेल, तर सुरुवातीची यादी छोटी आहे: प्लूटो (प्रत सुमारे १४.४), माकेमाके (१७), हौमिया (१७.३), एरिस आणि क्वावार (दोन्ही १९ च्या जरा अलीकडे). पहिला प्रयोग म्हणून मी माकेमाके सुचवेन. तो अरुंधती केश तारकासमूहात, आकाशगंगेच्या गर्दीपासून दूर आहे आणि त्याची प्रतियुती (आकाशात सूर्याच्या विरुद्ध दिशेला येणं) मार्चअखेरीस होते. प्लूटो जास्त तेजस्वी असला तरी आकाशगंगेच्या दाट पट्ट्यातून तो आत्ता कुठे बाहेर पडतो आहे. मागे ताऱ्यांची गर्दी असली की नवख्याचा धीर सुटतो.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स सेवेतून आपल्या जागेसाठी पंचांग काढून घ्या. त्यात दर तासाची जागा, सरकण्याचा वेग, कोनीय अनिश्चितता आणि चंद्रापासूनचं अंतर मागा. चंद्र ३०-४० अंशांच्या आत असेल तर ती रात्र दुसऱ्या कशाला तरी द्या.

दुसरी पायरी: चित्रं घेणं

प्रतियुतीच्या सुमारास दूरचा पिंड मागे सरकताना दिसतो. ही हालचाल मुख्यतः त्याची नसते, पृथ्वीची असते. पृथ्वी आतल्या मार्गावरून वेगानं पुढे निघून जाते, त्यामुळे तो मागे पडल्यासारखा वाटतो. वर्तुळाकार कक्षा धरली तर ताशी किती विकला (अंशाचा ३,६०० वा भाग) सरकेल याचं सूत्र सोपं आहे: १४८ ÷ (अंतर + √अंतर), अंतर खगोलीय एककांत. अडीच एककांवरचा नेहमीचा लघुग्रह यानुसार ताशी ३६ विकला सरकतो, ४० एककांवरचा पिंड जेमतेम ३.२ आणि ५३ एककांजवळचा माकेमाके सुमारे अडीच. दिवसाकाठी एक कला (६० विकला).

या आकड्यांवरूनच एक्स्पोजर ठरतं. पाच मिनिटांत ४० एककांवरचा पिंड पाव विकलेहून जेमतेम जास्त सरकतो. वातावरणामुळे ताऱ्याचा ठसा दोन-तीन विकला पसरलेलाच असतो, त्यामुळे पिंडाची रेघ उमटण्याची भीती नाही. तरीही एकच लांब एक्स्पोजर घेऊ नका. दोन-तीन मिनिटांची भरपूर चित्रं घ्या. एखादं उपग्रहानं किंवा वाऱ्यानं बिघडलं तर तेवढंच टाकून देता येतं, आणि पुढे हवी तशी रचून जोडता येतात. ३६ चित्रं जोडली की संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर सहापट होतं, म्हणजे जवळजवळ दोन प्रती खोल जाता येतं. एका पिक्सेलवर किती विकला येतात ते प्रमाण असं ठेवा की ताऱ्याच्या ठशाच्या निम्म्या उंचीवरच्या रुंदीत किमान दोन पिक्सेल बसतील. कॅमेऱ्याचे दोष काढण्यासाठीच्या बायस, डार्क आणि फ्लॅट चित्रांना पर्याय नाही. १९ व्या प्रतीच्या ठिपक्यासाठी धुळीचा एक डागही मोजमाप बिघडवायला पुरेसा आहे.

निरीक्षण प्रतियुतीच्या आसपासच का करायचं, याचं कारण बरेच जण विसरतात. प्रतियुतीपासून दूर गेलं की मंगळ-गुरूदरम्यानच्या मुख्य पट्ट्यातले लघुग्रह स्तंभी होतात, म्हणजे काही दिवस आकाशात जवळपास थांबतात. त्या काळात तेही ताशी दोन-तीन विकला सरकतात आणि कायपर पट्ट्यातल्या पिंडाचं सोंग हुबेहूब वठवतात.

रात्रीच्या सुरुवातीला एक आणि तीन-चार तासांनी दुसरा, असे दोन संच घ्या. त्याच भागाचे संच दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्रीही घ्या. ओळखीचा पिंडसुद्धा दोन रात्री दिसल्याशिवाय "दिसला" म्हणू नये.

दुर्बीण नसेल तर

अडत नाही. किंबहुना नव्या शोधांचा मोठा भाग आता जुन्या चित्रांमधूनच येतो. बर्नार्डिनेली-बर्नस्टाइन धूमकेतू डार्क एनर्जी सर्व्हेच्या २०१४ ते २०१८ च्या चित्रांत दडलेला होता. ती चित्रं कृष्ण ऊर्जेच्या अभ्यासासाठी घेतलेली. जाहीर झाला तो जून २०२१ मध्ये. तो जानेवारी २०३१ मध्ये उपसूर्य बिंदूला येईल आणि तेव्हाही शनीच्या कक्षेच्या थोडा बाहेरच, सुमारे ११ एककांवर असेल. कॅनडाच्या खगोल विदा केंद्राची एक शोधसेवा आहे: पिंडाचं नाव किंवा कक्षा दिली की जगभरच्या मोठ्या दुर्बिणींच्या संग्रहातली कोणती चित्रं त्याच्यावरून गेली असावीत, त्याची यादी मिळते. त्या चित्रांच्या फिट्स फाइल (खगोल चित्रांचा प्रचलित नमुना) उतरवून घ्या आणि पुढच्या पायऱ्या तशाच करा. चार मीटर दुर्बिणीचं दहा वर्षं जुनं एक चित्र तुमच्या अंगणातल्या शंभर चित्रांपेक्षा कक्षेला जास्त बळ देऊ शकतं, कारण कक्षेला हवी असते ती काळाची लांबी.

तिसरी पायरी: जागा आणि प्रत मोजणं

मोजमापाचा संदर्भ गाया उपग्रहाची तारकासूची हाच ठेवा, ताऱ्यांच्या स्वगतीसह. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर यांसारख्या प्रणाली चित्र आकाशाशी जुळवून देतात आणि पिंडाच्या वेगानं चित्रं सरकवून जोडतातही. अशी जोड दिली की तारे रेघांसारखे होतात आणि फिकट पिंड ठिपका म्हणून वर येतो. आयती जोड मात्र दोनदा तपासा. मूळ चित्रांचे दोन गट करून स्वतंत्रपणे जोडा. दोन्हींत ठिपका अपेक्षित जागी आला तरच खरा.

फिट्स फाइलच्या शीर्षभागात बहुतेक कॅमेरे एक्स्पोजरच्या सुरुवातीची वेळ लिहितात. कक्षेला मध्याची लागते. जागेच्या मोजमापात या पिंडांबाबत एखाद्या सेकंदाची चूक फारशी बाधत नाही, कारण सेकंदाला सरकणं विकलेच्या सुमारे हजाराव्या भागाइतकं आहे. दीड मिनिटाची चूक मात्र इतर चुकांमध्ये मिसळते आणि कायम एकाच दिशेची असल्यानं सरासरीनं जात नाही.

प्रत्येक जागेसोबत तिची अनिश्चितता लिहा. ढोबळ नियम: ठशाची रुंदी भागिले संकेत-गोंगाट गुणोत्तराची दुप्पट. अडीच विकलांचा ठसा आणि गुणोत्तर १० असेल तर सव्वाशे मिलीविकला. ती न लिहिता सगळी निरीक्षणं समान धरली, तर खराब रात्र चांगल्या रात्रीला खाली ओढते.

निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटरकडे, म्हणजे अशा पिंडांच्या निरीक्षणांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, एडीईएस या नमुन्यात पाठवतात. त्यासाठी वेधशाळेचा संकेतांक लागतो आणि तो मिळवताना ओळखीच्या लघुग्रहांची चांगली मोजमापं करून दाखवावी लागतात. अनोळखी पिंडाची एकाच रात्रीची निरीक्षणं सहसा निनावी निरीक्षणांच्या ढिगात जाऊन पडतात.

चौथी पायरी: पहिल्या रात्रीचं अंतर

दोन संच मोजून झाले की वेगाचं सूत्र उलटं वापरा. समजा वेग ताशी २.५ विकला आला. मग अंतर + √अंतर = ५९.२, म्हणजे अंतर सुमारे ५२ एककं. आता वेगात ०.२ विकलांची चूक धरून पाहा: ताशी २.७ आणि २.३ साठी उत्तरं येतात ४८ आणि ५७. एका रात्रीत अंतराबद्दल आपल्याला एवढंच कळलेलं असतं आणि तेही वर्तुळाकार कक्षा गृहीत धरून. अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांबीचा निम्मा भाग) किंवा विकेंद्रितता (ती किती लांबट आहे) यांबद्दल या टप्प्यावर काहीही बोलू नये. प्रणाली आकडे छापेल, छापू द्या.

पाचवी पायरी: कक्षा बसवणं

यासाठी फाइंड-ऑर्ब ही प्रणाली मोफत आहे आणि उत्तम आहे. निरीक्षणं द्या, मोठ्या ग्रहांचे क्षोभ (त्यांच्या गुरुत्वाचा परिणाम) चालू ठेवा आणि सर्वांत आधी उरलेले फरक, म्हणजे मोजलेली जागा आणि कक्षेनं सांगितलेली जागा यांतले फरक, पाहा. फरक शून्याभोवती विखुरलेले असले तर ठीक. एका रात्रीचे सगळे फरक एकाच बाजूला झुकलेले दिसले, तर त्या रात्रीची वेळ किंवा तारकासूची तपासा. सोयीचं नाही म्हणून निरीक्षण काढून टाकण्याचा मोह इथेच होतो. काढायचं तर त्यासाठी चित्रातलं कारण हवं: शेजारी तारा, पिक्सेलचा दोष, ढग.

लघुकालीन निरीक्षणांवर बसवलेल्या कक्षेत सगळ्या गोष्टींची पक्वता सारखी नसते. कक्षेचा कल (पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत तिरपेपणा) आणि सध्याचं अंतर काही दिवसांत बऱ्यापैकी ठरतं. अर्धदीर्घ अक्ष आणि विकेंद्रितता मात्र बराच काळ एकमेकांत गुंतून राहतात. पिंड आत्ता कुठे आहे हे कळतं, पण तो उपसूर्य बिंदूकडे येतो आहे की तिथून निघाला आहे, हे कळत नाही. यासाठी दुसऱ्या वर्षाची प्रतियुती लागते आणि वर्गीकरणाच्या तोडीची कक्षा हवी असेल तर तिसरीचीही. मधल्या काळात पिंड हरवू नये म्हणून पहिल्या वर्षी निदान दोन-तीन महिने त्याच्या मागावर राहा.

आणखी एक तांत्रिक बाब, जिच्यावर मी जरा जास्त भर देईन. कक्षेचे घटक सूर्यकेंद्री घेऊ नका, सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याभोवतीचे घ्या. गुरू सूर्याला त्याच्या जागेवरून हलवत राहतो. सूर्यापाशी उभं राहून शंभर-दोनशे एककांपलीकडच्या कक्षेचं वर्णन केलं, तर तिचा अर्धदीर्घ अक्ष सुमारे बारा वर्षांच्या आवर्तनानं वरखाली होताना दिसतो. तो बदल खरा नसतो, संदर्भबिंदूचा असतो. सेडनासारख्या कक्षेत हा फरक कित्येक एककांचा होतो आणि दोन वेगवेगळ्या सूचींमधले आकडे जुळेनात म्हणून लोक चक्रावतात.

सहावी पायरी: प्रतीवरून आकारमान

दृश्य प्रतीतून अंतराचा परिणाम वजा केला की निरपेक्ष प्रत मिळते: दृश्य प्रत − ५ × लॉग (सूर्यापासूनचं अंतर × पृथ्वीपासूनचं अंतर), वर कलाकोनाची (पिंडापाशी सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधला कोन) छोटी दुरुस्ती. ४० एककांवर कलाकोन १.४ अंशांच्या पुढे जातच नाही, त्यामुळे लघुग्रहांसारखा पूर्ण कलावक्र इथे कधीच मिळत नाही. दुरुस्ती प्रति अंश एक दशांश प्रतीच्या घरातली असते.

व्यासाचं सूत्र असं: १३२९ किलोमीटर भागिले परावर्तनक्षमतेचं वर्गमूळ, गुणिले १० चा उणे (निरपेक्ष प्रत ÷ ५) घात. निरपेक्ष प्रत ७ घ्या. परावर्तनक्षमता १० टक्के धरली तर व्यास १६७ किलोमीटर येतो. ४ टक्के धरली तर २६४. एकाच ठिपक्याचे दोन व्यास, आणि घनफळात जवळपास चौपट फरक! वरून एरिससारखे पिंड ९६ टक्के प्रकाश परत फेकतात. म्हणून बातमीत आलेल्या "इतक्या किलोमीटरच्या" व्यासामागे परावर्तनक्षमता मोजलेली आहे की धरलेली, हे आधी विचारा.

ती मोजायचा एक मार्ग उष्णतेचा. ४० एककांवर पृष्ठभागाचं तापमान ४४ केल्विनच्या आसपास असतं आणि त्याचं उत्सर्जन ६५ मायक्रोमीटरजवळ शिगेला पोहोचतं. पृथ्वीचं वातावरण ही तरंगलांबी अडवतं, म्हणून स्पिट्झर आणि हर्शेल या अवकाश दुर्बिणींचे जुने आकडेच आजही कामी येतात. परावर्तित प्रकाश आणि उष्णता अशी दोन समीकरणं मिळाली की व्यास आणि परावर्तनक्षमता दोन्ही सुटतात. दुसरा मार्ग पिधानाचा, म्हणजे पिंडानं एखादा तारा झाकण्याचा, त्याकडे थोड्याच वेळात येऊ.

सातवी पायरी: प्रकाशवक्र, आणि तो काय सांगत नाही

पिंड फिरताना प्रत बदलते. अनेक रात्रींची मोजमापं एका आवर्तकाळावर घडी घालून बसवली की प्रकाशवक्र तयार होतो. लांबट पिंडाचा वक्र एका परिवलनात दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो; त्यामुळे गणितानं दिलेला काळ बहुधा दुप्पट करावा लागतो. विषुववृत्ताच्या पातळीतून आपण पाहत असू, तर दोन अक्षांचं गुणोत्तर = १० चा (प्रतीतला फरक ÷ २.५) घात. हौमिया ३.९ तासांत एक फेरी घेतो, त्यामुळे एका लांब रात्रीत त्याचं पूर्ण परिवलन पकडता येतं. तो लहान दुर्बिणीसाठी उत्तम गृहपाठ आहे.

पण वक्र सपाट आला म्हणून पिंड गोल समजू नका. २०१९ च्या १ जानेवारीला न्यू होरायझन्स यान ज्याच्या जवळून गेलं, तो ॲरोकॉथ दोन चपट्या गोळ्यांचा, सुमारे ३६ किलोमीटर लांबीचा, अगदी ओबडधोबड पिंड आहे. हबल दुर्बिणीला त्याच्या प्रतीत ठळक चढउतार दिसले नव्हते. कारण एवढंच की त्याचा परिवलन अक्ष जवळपास आपल्याच दिशेला रोखलेला होता.

हौमियाचा धडा याहून बोलका आहे. तो द्रवासारखा समतोलात आहे असं धरून, परिवलन आणि प्रकाशवक्र यांवरून त्याची घनता पाण्याच्या २.६ पट किंवा जास्त काढली गेली होती. २१ जानेवारी २०१७ च्या पिधानात त्याचा लांब अक्ष किमान २,३०० किलोमीटर निघाला आणि घनतेची वरची मर्यादा १.९ च्या आत आली. मोजमाप चुकलं नव्हतं. एकजिनसी द्रवाचं गृहीतक चुकलं होतं.

आठवी पायरी: तारकापिधान

हौशी निरीक्षकाला मोठ्या वेधशाळेच्या बरोबरीनं उभं करणारं तंत्र हेच. पिंड ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली पृथ्वीवरून सेकंदाला २० ते २५ किलोमीटर वेगानं सरकते. पिंड स्वतः दिसण्याची गरज नाही. तारा दिसला की पुरे.

अडचण भाकिताची आहे. ४० एककांवर एक हजार किलोमीटर म्हणजे आकाशात फक्त ३४ मिलीविकला. पिंडाची जागा शंभर मिलीविकलांनी चुकली, तर सावली तुमच्यापासून तीन हजार किलोमीटरवर पडेल. गायामुळे ताऱ्याची जागा आता प्रश्न राहिली नाही, पिंडाची मात्र आहे. तुमच्या तिसऱ्या आणि पाचव्या पायरीचं चीज इथे होतं. भाकितं लकी स्टार प्रकल्पाच्या पानांवर आणि ऑकल्ट वॉचर प्रणालीत मिळतात. त्यातली अनिश्चितता सावलीच्या रुंदीपेक्षा किती मोठी आहे हे पाहून जायचं की नाही ते ठरवा.

वेळेबाबतचा हलगर्जीपणा इथे चालत नाही. एक दशांश सेकंदाची चूक म्हणजे दोन किलोमीटरहून अधिक. जीपीएसवरून थेट चित्रावर वेळ छापणारी साधनं वापरा. संगणकाच्या घड्याळावर विसंबू नका. ताऱ्याची प्रत पाहून एक्स्पोजर शक्य तितकं लहान ठेवा, ०.१ ते १ सेकंदाच्या दरम्यान, आणि दोन चित्रांमध्ये रिकामा काळ जाऊ देऊ नका.

चित्रण घटनेच्या कित्येक मिनिटं आधी सुरू करा आणि नंतरही तितकंच चालू ठेवा. ३ जून २०१३ रोजी चारिक्लो या सेंटॉरनं तारा झाकला, तेव्हा मुख्य पिधानाच्या दोन्ही बाजूंना छोट्या घसरणी नोंदल्या गेल्या आणि त्याच्याभोवतीची दोन कडी सापडली. क्वावारचं कडं तर त्याच्या केंद्रापासून ४,१०० किलोमीटरवर, रोश मर्यादेच्या (जिच्या आत कड्यातले कण एकत्र येऊन चंद्र बनू शकत नाहीत) बऱ्याच बाहेर आहे. घाईनं कॅमेरा बंद करणाऱ्याला ते दिसलं नसतं.

हिशेब: तारा लुप्त असल्याचा काळ × सावलीचा वेग = त्या ठिकाणची जीवा. ३० सेकंद आणि २२ किलोमीटर प्रति सेकंद असेल, तर ६६० किलोमीटर. बाह्याकृतीच्या लंबवर्तुळाला पाच अज्ञात असतात: केंद्राचे दोन, दोन अक्ष आणि एक कोन. प्रत्येक जीवा दोन टोकं देते, म्हणून किमान तीन जीवा हव्यात, त्याही एकमेकींपासून नीट अंतरावर. एकाच गावातल्या पाच दुर्बिणी एकच जीवा पाच वेळा मोजतात. "काहीच घडलं नाही" अशी नोंदही पाठवा; ती आकृतीची कड ठरवते.

तारा कसा मावळतो तेही पाहा. ९ जून १९८८ ला प्लूटोमागे तारा हळूहळू मंदावला आणि प्लूटोच्या वातावरणावर शिक्कामोर्तब झालं. २३ एप्रिल २०११ ला माकेमाकेमागे तो झटक्यात गेला आणि तिथे प्लूटोसारखं सर्वव्यापी वातावरण नाही हे कळलं.

नववी पायरी: चंद्र असेल तर वस्तुमान

ही पायरी छोटी, पण फळ मोठं. एरिसचा चंद्र डिस्नोमिया सुमारे ३७,३०० किलोमीटरवरून १५.८ दिवसांत फेरी घालतो. केप्लरच्या तिसऱ्या नियमात हे आकडे घाला: वस्तुमान १.६५ × १० चा २२ वा घात किलोग्रॅम. ६ नोव्हेंबर २०१० च्या पिधानानं एरिसचा व्यास २,३२६ किलोमीटर दिला होता. भागाकार केला की घनता पाण्याच्या अडीच पट. म्हणजे बर्फाच्या आवरणाखाली बहुतांश खडक. आतल्या रचनेचं कोणतंही मॉडेल या एका आकड्याला बांधील असतं. घनता मोजलेली नसेल, तर गाभा आणि प्रावरण यांची चित्रं काढण्यात फारसा अर्थ नाही.

दहावी पायरी: कक्षा काळात चालवणं

आता सिम्युलेशन. पायथॉनमधली रिबाउंड ही प्रणाली सुरुवातीसाठी पुरेशी आहे. सूर्य आणि चार मोठे ग्रह घ्या, आतल्या ग्रहांचं वस्तुमान सूर्यात मिळवून टाका. कालपाऊल सर्वांत छोट्या आवर्तकाळाच्या विसाव्या भागाहून मोठं नको, गुरूचे ११.८६ वर्षं धरली तर साधारण अर्धं वर्ष. नेपच्यूनच्या फार जवळ न जाणाऱ्या कक्षांना त्यातलं डब्ल्यूएचफास्ट हे गणनतंत्र चालतं. सेंटॉर किंवा विखुरलेल्या पिंडांसाठी जवळच्या भेटी हाताळणारं मर्क्युरियस घ्या, नाहीतर निष्पन्न भलतंच येईल.

एकच कक्षा कधीही चालवू नका. पाचव्या पायरीत कक्षेसोबत मिळणाऱ्या सहप्रसरण सारणीतून (कोणत्या घटकात किती अनिश्चितता आणि ती इतरांशी कशी जोडलेली, याचा तक्ता) किंचित वेगळ्या कक्षांची शे-दोनशे प्रतिरूपं काढा. प्रत्येक घटक सुटा-सुटा हलवायचा नाही, सगळी सारणी एकत्र वापरायची. कारण अर्धदीर्घ अक्ष आणि विकेंद्रितता एकमेकांशी बांधलेले असतात आणि ते नातं तोडलं तर निरीक्षणांशी न जुळणाऱ्या कक्षा तयार होतात. रूढ वर्गीकरणासाठी ही सगळी एक कोटी वर्षं पुढे न्या. त्या काळात अर्धदीर्घ अक्ष दीड एकक किंवा जास्त भटकला, तर पिंड "विखुरणारा" धरतात.

नेपच्यूनशी अनुनाद (दोघांच्या फेऱ्या गुरुत्वानं ठरावीक गुणोत्तरात बांधल्या जाणं) तपासताना आवर्तकाळाचं गुणोत्तर ३:२ आलं एवढ्यावर थांबू नका. ३ × पिंडाचं रेखांश − २ × नेपच्यूनचं रेखांश − पिंडाच्या उपसूर्य बिंदूचं रेखांश, या कोनाचा आलेख काढा. तो पूर्ण ३६० अंश फिरत राहिला तर अनुनाद नाही. एका मूल्याभोवती झुलत राहिला तर आहे. प्लूटोचा कोन १८० अंशांभोवती झुलतो, एका झोक्याला सुमारे २०,००० वर्षं लागतात. म्हणूनच प्लूटो नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येऊनही त्याच्यापासून १७ एककांच्या आत कधी जात नाही. युरेनसच्या तो याहून जवळ जातो. तुमच्या प्रतिरूपांपैकी साठ टक्के झुलले आणि चाळीस फिरले, तर निष्कर्ष "ठरत नाही" असा लिहा आणि पुढच्या प्रतियुतीची निरीक्षणं मिळवा.

अकरावी पायरी: समूहाचं मॉडेल

एका पिंडावरून सगळ्या समूहाकडे जाताना सर्वांत मोठा धोका असतो तो निवडीच्या कलाचा. सूचीत आहेत ते जवळचे, मोठे, चकचकीत आणि जिथे कोणीतरी दुर्बीण रोखली होती तिथलेच. सेडना सापडला तो सुमारे ९० एककांवर. त्याची कक्षा तिथून पुढे नऊशे एककांपलीकडे जाते आणि एका फेरीला अकरा हजार वर्षांहून अधिक लागतात. त्यातल्या अगदी थोड्या काळात तो दिसण्याजोगा असतो. असा एक सापडतो तेव्हा न सापडलेले कितीतरी असणार, पण किती, हे सूचीतली नावं मोजून कळत नाही.

योग्य रीत अशी: मॉडेलमधून काल्पनिक पिंड तयार करा, त्यांना निरपेक्ष प्रती द्या, मग सर्वेक्षणानं प्रत्यक्ष कोणत्या रात्री, कोणत्या दिशेला, किती प्रतीपर्यंत आणि किती वेगाचे पिंड पकडले असते, या चाळणीतून त्यांना गाळा. जे उरतील त्यांची तुलना खऱ्या शोधांशी करा. उलट दिशेनं, म्हणजे सूचीतूनच कल "पुसून" मूळ समूह काढायला गेलात, तर जिथे सर्वेक्षण आंधळं होतं तिथली माहिती शून्यातून निर्माण करावी लागते. बाह्य सूर्यमाला उगम सर्वेक्षणानं, म्हणजे ओसॉसनं, आठशेहून अधिक पिंड अशा काटेकोर नोंदींसह शोधले आणि चाळणीची प्रणालीही सर्वांसाठी खुली ठेवली. नेपच्यूनच्या बऱ्याच पलीकडे असू शकणाऱ्या नवव्या ग्रहाचा २०१६ पासूनचा वादही बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर अडला आहे: अतिदूरच्या कक्षांची दिसणारी जुळणूक खरी की आपण कुठे पाहिलं याचा परिणाम? ओसॉसच्या स्वतःच्या शोधांमध्ये तरी विखुरणी एकसमान असण्याला बाध येत नाही. शोधांची संख्या थोडी असल्यामुळे यातून ग्रह नाही असंही सिद्ध होत नाही.

तुलनेसाठी अँडरसन-डार्लिंगसारखी (दोन संचांची विभागणी जुळते का हे पाहणारी) चाचणी वापरा, पण तिचा अर्थ ओळखून. चाचणी मॉडेल नाकारू शकते, सिद्ध करू शकत नाही. तीन वेगळी मॉडेलं नाकारली गेली नाहीत, तर तिन्ही लिहा. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या ८.४ मीटरच्या रुबिन दुर्बिणीची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली आणि तिचं सर्वेक्षण दहा वर्षांचं आहे. तिच्या एकेका चित्रात २४ व्या प्रतीपेक्षाही मंद पिंड उमटतात, त्यामुळे आज एकसारखी दिसणारी मॉडेलं त्या नोंदींत वेगळी करता येतील. तुमची चाळणी आत्ताच अशी लिहून ठेवा की सर्वेक्षणाची दिशा, रात्र आणि मर्यादा यांची फाइल बदलली की बाकीचं काही न बदलता ती पुन्हा चालेल.